आजाराची खूण आणि मृत्यूची खूण

१९२०च्या दशकात इटलीतले मनोविकारतज्ज्ञ व्हितो मारिया बुस्काइनो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. मेंदूच्या श्वेतद्रव्यात त्यांना फिकट, गोलसर पुंजके दिसले, एकमेकांना चिकटून घडासारखे. या आजाराने मेंदूत नेमके कुठे घर केले आहे, हे त्या काळी कोणालाच सापडत नव्हते. मनोरुग्णालयांत उभे आयुष्य काढणाऱ्या माणसांच्या मेंदूत डोळ्यांना दिसेल असे काहीतरी मिळावे, ही त्या पिढीची तळमळ होती. बुस्काइनोंना वाटले, ते मिळाले. मग इतरांनी शोध घेतला, तेव्हा तेच पुंजके वेगळ्याच आजारांनी गेलेल्यांच्या मेंदूंत दिसले, मानसिक आजार कधीच नसलेल्यांच्या मेंदूंत दिसले, जनावरांच्या मेंदूंतही दिसले. मृत्यूनंतर मेंदू किती वेळाने टिकवला आणि कोणत्या द्रवांतून नेला, यावर त्यांचे असणे-नसणे ठरत होते. आज पाठ्यपुस्तकांत ‘बुस्काइनो बॉडीज’ या नावाने त्यांची नोंद असते, आणि ती असते आर्टिफॅक्टच्या प्रकरणात, म्हणजे आजाराने नव्हे तर मृत्यूने, वेळेने किंवा हाताळणीने घडवलेल्या बदलांत.

बुस्काइनो निष्काळजी नव्हते. त्यांनी जे पाहिले ते स्लाइडवर खरोखरच होते. चूक डोळ्यांची नव्हती, पाहिलेल्या गोष्टीचे जनकत्व ठरवण्याची होती. पुढे येणाऱ्या सगळ्या प्रकरणांचा विषय हाच आहे: मृत मेंदूत दिसणारा एखादा बदल माणूस जिवंत असताना झाला की नंतर, हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न यकृताला, मूत्रपिंडालाही लागू आहे. जॉन हंटर यांनी १७७२ मध्येच दाखवून दिले होते की मेलेल्या माणसाच्या जठराला पडलेले भोक आजाराचे असेलच असे नाही. जठर मृत्यूनंतर स्वतःलाच पचवू शकते. पण मेंदूत हा प्रश्न जास्त बिकट होतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या प्राणवायूतला वाटा सुमारे २० टक्के. साठवणीची ऊर्जा त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. रक्त थांबले की पेशीच्या आवरणातले पंप थांबतात, पाणी आणि क्षार कुठेही शिरतात, पेशीतल्या पाचक एन्झाइमच्या पिशव्या फुटतात आणि ऊती स्वतःलाच विरघळवू लागते. हेच ऑटोलिसिस. त्यात मेंदू पाणीदार आणि मऊ. त्याला घट्ट करण्यासाठी तो १० टक्के फॉर्मलिनच्या बादलीत, बुडाशी असलेल्या बॅसिलर धमनीखालून दोरा ओवून, उलटा टांगून साधारण दोन आठवडे ठेवतात. फॉर्मलिन मात्र आत शिरते अगदी सावकाश, आणि जितके खोल जावे तितके अधिकच सावकाश. पृष्ठभाग पहिल्या दिवशीच टिकतो. गाभा त्यानंतरही कित्येक तास, कधी दिवस, कुजत राहतो. म्हणजे एकाच मेंदूत दोन वेगवेगळ्या मरणोत्तर वेळा असतात, एक काठावरची आणि एक मधली. मेंदू कापल्यावर मधला भाग गुलाबी आणि लिबलिबीत लागला, तर विद्यार्थ्याच्या मनात पहिला विचार मऊ पडलेल्या इन्फार्क्टचा येतो. पहिला विचार बादलीचा यायला हवा.

वेगळेपणा ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे साधन एकच आहे, आणि पुढील प्रत्येक प्रकरण त्याच्याकडेच येते. जिवंत मेंदू इजेला प्रतिसाद देतो, मृत मेंदू देत नाही. चेतापेशी मेली की आसपासच्या मायक्रोग्लिया हलतात, रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, मेद खाऊन फुगलेल्या भक्षकपेशी गोळा होतात, ॲस्ट्रोसाइट फुगून तंतू विणतात, म्हणजे ग्लायोसिस होते. या सगळ्याला रक्तप्रवाह लागतो, प्राणवायू लागतो आणि वेळ लागतो. न्यूट्रोफिल दिसायला साधारण एक-दोन दिवस, भक्षकपेशींची गर्दी व्हायला आणखी काही, ग्लायोसिस नीट उभे राहायला आठवडा किंवा जास्त. मृत्यू पेशी फोडू शकतो, पोकळ्या पाडू शकतो, रंग उतरवू शकतो. ॲस्ट्रोसाइटकडून तंतू विणून घेणे त्याला जमत नाही. म्हणून भोक दिसले की भोकाकडे नव्हे, त्याच्या काठाकडे पाहायचे.

पण हे साधन अपुरे पडते अशी एक मोठी जागा आहे, आणि शिकवताना ती सहसा घाईने ओलांडली जाते. माणूस इजेनंतर लगेच गेला, तर प्रतिसादाला वेळच मिळत नाही. रक्त अचानक थांबून तासाभरात मृत्यू आला, तर नेहमीच्या स्लाइडवर खरी इजा आणि मरणोत्तर बदल यांत फरक दिसणार नाही. रक्तपुरवठा तुटल्याने मेलेल्या चेतापेशीचे ओळखीचे रूप, म्हणजे आक्रसलेली पेशी, लालसर झालेला पेशीद्रव आणि गडद, आकसलेले केंद्रक, हे ‘रेड न्यूरॉन’ दिसायला माणूस इजेनंतर साधारण सहा ते बारा तास जगावा लागतो. त्याआधी गेलेल्या रुग्णाच्या अहवालात ‘मेंदूत प्राणवायूच्या अभावाचे बदल नाहीत’ असे लिहिणे अर्धसत्य आहे. लिहायला हवे ते असे, की हे बदल दिसण्याइतका काळ रुग्ण जगलाच नाही.

फ्रान्झ निस्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोड्याला हात घातला होता. चेतापेशी रंगवण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने चालते. त्यांचे म्हणणे असे, की स्लाइडवर दिसते ती जिवंत पेशी नव्हेच. मृत्यू, अल्कोहोल आणि रंग यांनी मिळून घडवलेले ते तिचे समतुल्य चित्र आहे. मात्र प्रत्येक वेळी पद्धत तंतोतंत तीच ठेवली, तर निरोगी पेशीचे चित्रही प्रत्येक वेळी तेच येईल, आणि मग त्यापासूनचे ढळणे आजार म्हणून वाचता येईल. माझ्या मते मेंदूच्या पॅथॉलॉजीतला हा सर्वांत प्रामाणिक विचार आहे. आर्टिफॅक्ट टाळता येत नाहीत हे निस्ल मान्य करतात आणि त्यांनाच मोजपट्टी बनवतात. अट एकच: पद्धत बदलायची नाही, आणि बदललीच तर नोंद ठेवायची.

ही अट मोडली की काय होते, त्याचे उदाहरण म्हणजे ‘डार्क न्यूरॉन’: आक्रसलेल्या, गडद निळ्या चेतापेशी आणि त्यांचे नागमोडी वळलेले फाटे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मेंदूंत विषबाधेनंतर, फिटनंतर, उपासमारीनंतर त्या दिसल्याची वर्णने अनेक शोधनिबंधांत होती. यान कॅमरमायर यांनी १९६१ मध्ये ठामपणे मांडले, की यांतल्या बऱ्याच पेशी मेंदू टिकण्याआधीच त्याला हात लावल्यामुळे तयार होतात. कवटी फोडताना, मेंदू उचलताना, दाबताना ताजी चेतापेशी आकुंचन पावते. फॉर्मलिन रक्तवाहिन्यांतून आत सोडून, मेंदू कवटीतच काही तास राहू देऊन मग काढला, तर त्या दिसत नाहीत. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऊती जितकी ताजी, तितकी ती या आर्टिफॅक्टला जास्त बळी पडते. शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा तुकडा ताजा आहे म्हणून निर्दोष, असे समजणाऱ्या सर्जनला हे आवर्जून सांगावे लागते. चिमट्याने धरलेल्या काठावर अशा पेशींची रांगच लागलेली असते. डार्क न्यूरॉन निळी असते, रेड न्यूरॉन लाल. रंगाचा हा फरक साधा आहे, पण स्लाइड जाड कापली गेली किंवा रंग जास्त चढला की तोही धूसर होतो.

लहान मेंदूची कथा याहून बोधक आहे. तिथल्या ग्रॅन्युलर थरातल्या लक्षावधी बारीक पेशी काही शवविच्छेदनांत पार फिकट, एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसत, आणि शेजारच्या पुर्किन्ये पेशी मात्र शाबूत. आजार हा निवडून मारतो हे त्या वेळी माहीत होते. अपस्मारात हिप्पोकॅम्पसचा ठरावीक पट्टा जातो हे १८८०मध्ये व्हिल्हेल्म सोमर यांनी दाखवले होते. त्यामुळे निवडक नाश दिसला की तो आजारच, असा तर्क पक्का बसला होता, आणि या थराच्या नाशाला वेगवेगळ्या रोगांशी जोडून पाहिले गेले. १९६३ मध्ये फुसाहिरो इकुता, असाओ हिरानो आणि हॅरी झिमरमन यांनी प्रयोगांनी दाखवले की हा बदल मृत्यूनंतरही घडतो. मृत्यूसुद्धा निवड करतो. फरक आहे तो निवडीच्या क्रमात. प्राणवायू तुटला तर आधी पुर्किन्ये पेशी जातात, त्यांच्या जागी बर्गमन ग्लिया वाढतात, आणि ग्रॅन्युलर थर बराच काळ तग धरतो. मृतदेह उबेत राहिला तर नेमके उलटे: ग्रॅन्युलर थर विरतो, पुर्किन्ये पेशी उभ्या राहतात आणि ग्लिया ढिम्म हलत नाहीत. लहान मेंदूची स्लाइड हाती आली की मी या दोन थरांना आधी समोरासमोर ठेवते. रुग्णाच्या कागदांपेक्षाही जास्त माहिती तिथे मिळते.

उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या पोकळ्यांबद्दल फार लांबण लावत नाही, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सेप्सिसने गेलेल्या रुग्णाचा मेंदू कापला आणि आत मिलिमीटरपासून सेंटिमीटरपर्यंतची असंख्य भोके निघाली, तर त्याला ‘स्विस चीज’ मेंदू म्हणतात. वायू तयार करणारे जंतू, बहुतेक वेळा क्लॉस्ट्रिडियम, मृत्यूनंतर वाढतात आणि भोके पाडतात. मेंदू फॉर्मलिनमध्ये ठेवल्यावरही, फॉर्मलिन अजून न पोचलेल्या गाभ्यात, त्यांचे काम चालू राहते. विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटॉल यांनी १८९२ मध्ये बाल्टिमोरमध्ये या जंतूचे वर्णन केले तेच मुळी एका मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत सापडलेल्या वायूवरून. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात वृद्धांच्या मेंदूंतल्या बारीक इन्फार्क्टचा, म्हणजे लॅक्यूनचा, अभ्यास करताना पिएर मारी यांनी १९०१ मध्ये ही मरणोत्तर सच्छिद्रता कटाक्षाने बाजूला काढली होती. आपल्याकडे या यादीत सिस्टिसर्कस जोडावा लागतो. पट्टकृमीच्या अळीची पोकळी गुळगुळीत भिंतीची असते, आत बहुधा अळीचे डोके असते, बाहेर ग्लायोसिस किंवा दाह असतो. वायूच्या भोकाला यातले काहीच नसते, फक्त काठावर जंतू असतात.

भारतीय प्रयोगशाळांत रोज गाठ पडणारा आणखी एक बदल आहे फॉर्मलिन पिगमेंटचा. आम्लधर्मी झालेले फॉर्मलिन रक्तातल्या हीमशी मिसळले की तपकिरी-काळे कण पडतात. मलेरियाचा परजीवी हीमोग्लोबिन पचवून मागे ठेवतो तेही हीमचेच तपकिरी-काळे कण. ध्रुवीकृत प्रकाशात दोन्ही चमकतात. पावसाळ्यात तापाने बेशुद्ध होऊन दगावलेल्या रुग्णाच्या मेंदूत असे कण दिसले की सेरेब्रल मलेरियाचे निदान अगदी तोंडावर येते. तिथे थांबायचे आणि कण कुठे आहेत ते पाहायचे. मलेरियाचे कण केशवाहिन्यांच्या आत, परजीवी असलेल्या लाल पेशींत आणि ते गिळलेल्या पांढऱ्या पेशींत असतात. फॉर्मलिनचे कण रक्त असेल तिथे कुठेही, अनेकदा पेशींच्या वरच्या पातळीवर सांडल्यासारखे पडलेले असतात. बफर घातलेले फॉर्मलिन वापरले तर हा प्रश्नच येत नाही. बफरचे क्षार महाग नाहीत. तालुक्याच्या शवागारातही ते मिळावेत, हा माझा आग्रह आहे.

सुजेचे काय? मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. पी. एम. उदानी आणि डॉ. दाराब दस्तुर यांनी क्षयरोगाने आजारी मुलांमधल्या ‘ट्यूबरक्युलस एन्सेफॅलोपॅथी’चे वर्णन १९७० मध्ये प्रसिद्ध केले. श्वेतद्रव्याची सूज आणि मायलिनची हानी ही त्या वर्णनाची मुख्य अंगे होती. भारतातल्या न्यूरोपॅथॉलॉजीचा तो अभिमानाचा टप्पा आहे, आणि सुजेचा प्रश्न किती नाजूक आहे हेही त्यातून कळते. स्लाइड बनवताना ऊती अल्कोहोलमधून जाते, आक्रसते, आणि प्रत्येक रक्तवाहिनीभोवती, प्रत्येक चेतापेशीभोवती रिकामे कडे उमटते. ते कडे म्हणजे सूज नव्हे. सूज ठरते ती मेंदू कापण्याआधी: वजन वाढलेले, वळ्या चपट्या, त्यांमधल्या चिरा बुजलेल्या, टेम्पोरल लोबच्या आतल्या काठावर दाबाची खाच. शवविच्छेदनाच्या टेबलावर हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर नंतर उत्तम सूक्ष्मदर्शकही ते परत आणून देत नाही.

स्लाइडपुरता हा प्रश्न जुना झाला आणि रेणूंच्या काळात तो सुटला, असा समज तरुण संशोधकांत आढळतो. तसे नाही, तिथे तो अधिक खोल आहे. अल्झायमर आजारात चेतापेशींत टाऊ या प्रथिनाच्या गाठी होतात आणि त्या टाऊला अनेक ठिकाणी फॉस्फेट चिकटलेले असते. शवविच्छेदनातून मिळालेल्या निरोगी मेंदूंच्या टाऊवर त्या जागा रिकाम्या दिसत, म्हणून ते फॉस्फेट फक्त आजाराचे, असा निष्कर्ष निघाला. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेली निरोगी मेंदूची ताजी ऊती तपासली. तिच्या टाऊवर त्यांपैकी बऱ्याच जागी फॉस्फेट होते. मृत्यूनंतर एन्झाइम ते झपाट्याने उतरवतात. गाठीत घट्ट बसलेल्या टाऊवरून ते तितक्या सहजी उतरत नाही. आजार खरा होता, गाठीही खऱ्या. मरणोत्तर बदल झाला होता तो तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी मेंदूत! आपण सगळे रुग्णाच्या स्लाइडवर संशय घेतो, कंट्रोलवर कोण घेतो?

स्किझोफ्रेनियाच्या संशोधनातही जुना सापळा नव्या रूपात आला. माणूस सावकाश, प्राणवायूसाठी झुंजत गेला तर मेंदूत लॅक्टिक आम्ल साठते, पीएच उतरतो आणि मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित जनुकांचे काम मंदावलेले दिसते. रुग्ण आणि निरोगी या दोन गटांतली माणसे वेगवेगळ्या तऱ्हेने मेली असतील, तर त्यांच्या मेंदूंतला फरक आजाराचा की मरणाच्या तऱ्हेचा, हे आधी सोडवावे लागते. म्हणून चांगल्या ब्रेन बँका, आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून चालणारी बँक धरून, ऊतीबरोबर मृत्यूपासून टिकवण्यापर्यंतचा काळ आणि मृत्यूआधीची अवस्था यांच्या नोंदीला इतके महत्त्व देतात.

इतके सांगितल्यावर उलट बाजूही सांगणे भाग आहे, कारण संशयाचेही व्यसन लागते. कामिल्लो गोल्जी यांनी १८९०च्या दशकात चेतापेशींभोवती जाळ्यासारखे आवरण पाहिले. सांतियागो रामोन इ काखाल, ज्यांच्या नजरेला तोड नव्हती, त्यांनी ते रंगाच्या प्रक्रियेत गोठलेले आर्टिफॅक्ट ठरवले आणि काखाल म्हणाले म्हणून ते कित्येक दशके मागे पडले. ती जाळी खरी निघाली. आज पेरिन्यूरोनल नेट म्हणून त्यांच्यावर जगभर काम चालते. आणि कधी आर्टिफॅक्ट उपयोगीही पडतो. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या गाठीच्या पेशींभोवतीचे मोकळे कडे, ज्याला सगळे ‘फ्राइड एग’ म्हणून ओळखतात, ते फॉर्मलिनमध्ये जाण्यास लागलेल्या उशिराने पडते. शस्त्रक्रिया चालू असताना केलेल्या फ्रोझन सेक्शनमध्ये ते नसते, आणि नाही म्हणून निदान बदलणारा फसतो.

न्यायवैद्यकात याच चुकीची किंमत माणसाच्या स्वातंत्र्यात मोजली जाते. जळालेल्या देहाच्या कवटीत, हाड आणि ड्यूरा यांच्या मध्ये, तपकिरी, सच्छिद्र, ठिसूळ रक्ताचा थर सापडतो. तो आगीच्या उष्णतेने झालेला असू शकतो, आणि डोक्यात घाव घालून नंतर जाळले असल्याचा पुरावा म्हणून वाचलाही जाऊ शकतो. त्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती आहे हे तपासणे अशा वेळी निर्णायक ठरते. सासरी जळून गेलेल्या बाईच्या प्रकरणात ही तपासणी राहून गेली, तर एक तर निरपराध माणूस अडकतो किंवा खुनी सुटतो. म्हणूनच मला रासायनिक तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाची तपासणी यांतली गल्लत अक्षम्य वाटते. व्हिसेरा विषाच्या तपासासाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. त्याच बरणीत मेंदूचा तुकडा टाकला, तर हिस्टोपॅथॉलॉजीसाठी तो गेला. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याचा जुना दंडक नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांसाठी सैल केला. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू मात्र त्यातून सहसा वगळले आहेत. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. पण ज्या मेंदूंबद्दल न्यायालय सर्वांत बारीक प्रश्न विचारणार, तेच मेंदू रात्रभर थांबतात, हे वैशाखातल्या विदर्भात कोणी विसरू नये. थांबण्याला इलाज नसेल, तर देह किती वाजता शीतपेटीत गेला आणि मेंदू किती वाजता फॉर्मलिनमध्ये, एवढ्या दोन वेळा तरी अहवालासोबत याव्यात. त्या लिहिणारा बहुतेकदा शवागारातला कर्मचारी असतो. त्याच्या दोन ओळींवर माझे निदान उभे असते.

शेवटचे प्रकरण मुद्दाम व्हेंटिलेटरवरच्या मेंदूला दिले आहे, कारण तिथे या सगळ्या विषयाची मांडणीच हलते. कवटीतला दाब इतका वाढतो की मेंदूत रक्त शिरत नाही. हृदय मात्र चालू, शरीर उबदार. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मस्तिष्कस्तंभ-मृत्यू जाहीर करते. अशा माणसाचा मेंदू दोन-तीन दिवसांनी काढला तर तो करडा, लिबलिबीत, फॉर्मलिनमध्ये नीट न घट्ट होणारा असतो. लहान मेंदूचे तुकडे सुटून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात खाली उतरलेले सापडतात. हे ऑटोलिसिसच आहे, फक्त ते जिवंत देहात, शरीराच्या तापमानाला घडलेले आहे. मेंदूत कुठेही प्रतिसाद नाही, कारण प्रतिसाद आणणारे रक्तच पोचलेले नाही. पण मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागात, रक्त असलेला आणि नसलेला प्रदेश जिथे भेटतात त्या सीमेवर, पुरेसे दिवस गेले असतील तर पांढऱ्या पेशी आणि भक्षकपेशी सापडू शकतात. मेंदू केव्हा गेला हा प्रश्न न्यायालयातून आला, तर उत्तर शोधायची जागा ती आहे. म्हणून अशा शवविच्छेदनात मानेतला मज्जारज्जू मेंदूबरोबर काढून, वेगळ्या बरणीत, त्याच दिवशी फॉर्मलिनमध्ये ठेवावा. तो कसा काढायचा, याची कृती त्या प्रकरणात चित्रांसह दिली आहे.